रणगाडा, साबणाची वडी आणि बर्फ: अर्धवट आठवणाऱ्या युद्धपटाचा माग

प्रश्न थोडक्यात असा. १९८५-८६च्या सुमारास नागपुरात, धरमपेठेत शेजाऱ्यांकडे टीव्हीवर पाहिलेला जुना युद्धपट. काळा-पांढरा. कोवळ्या वयाचा एक जवान माळरानावर पळतोय, मागे रणगाडा, आणि मध्येच सगळं चित्र उलटं होतं, आभाळ खाली आणि जमीन वर. पुढे मालगाडीचा डबा, त्यात गवत, एक मुलगी. कुठेतरी साबणाची वडी. शेवटी रस्त्यावर उभी असलेली आई. बोललेलं काही कळत नव्हतं, खाली अक्षरं येत होती. त्याच चित्रपटात बर्फात मरून पडलेले जवान आणि त्यावर रफीचं गाणं. नट धर्मेंद्र किंवा त्याच्यासारखा कुणी. नाव ‘सिपाही’ की ‘जवान’ असं काहीतरी. बरीच वर्षं शोधूनही सापडत नाही.

सापडणार नाहीच, कारण हे दोन चित्रपट आहेत. रणगाडा, मालगाडी, साबण आणि आई हा ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’, ग्रिगोरी चुखरायचा १९५९चा सोव्हिएत चित्रपट. बर्फ, रफी आणि धर्मेंद्र ही चेतन आनंद यांची ‘हकीकत’, १९६४. दोन्ही काळे-पांढरे, दोन्हींत तरणी पोरं मरतात. लहानपणी वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने एकाच टीव्हीवर पाहिलेले असे दोन चित्रपट पुढे एकमेकांत मिसळले, तर त्यात नवल नाही.

हे कशावरून, ते सविस्तर सांगतो. तीच पद्धत दुसऱ्या कुठल्याही हरवलेल्या युद्धपटाला लागू पडते.

पहिलं काम म्हणजे आठवणीचे तुकडे सुटे करून कागदावर लिहिणं. गोष्ट म्हणून सांगायची नाही. गोष्ट सांगायला बसलं की मेंदू मधली भोकं बुजवतो, आणि चार वेळा सांगून झाल्यावर बुजवलेलं कुठलं आणि पाहिलेलं कुठलं ते आपलं आपल्यालाच कळत नाही. एका ओळीत एकच चित्र: ‘रणगाडा मागे लागतो’, ‘चित्र उलटं होतं’, ‘डब्यात गवत’. प्रत्येक ओळीपुढे खूण करायची: डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, कुणी सांगितलं, की अंदाज. तुमच्या यादीत चित्र उलटं होणं, गवत आणि साबण हे पाहिलेलं आहे. धर्मेंद्र हा अंदाज आहे, ‘त्याच्यासारखा’ या शब्दातच ते आलं. नाव तर सगळ्यांत कच्चं. शोधाला बसताना लोक नेमके नटापासून आणि नावापासून सुरुवात करतात, आणि तिथेच वर्षं जातात.

विचित्र तपशील सर्वांत मोलाचा. जवान पळतोय, बॉम्ब फुटतायत, आई रडतेय हे शेकडो युद्धपटांत आहे, त्याचा उपयोग शून्य. पण पाठलागात कॅमेराच उलटा होणं आणि युद्धपटात साबणाची वडी असणं, हे दोन्ही जिथे एकत्र येतात असा चित्रपट एकच.

आता तुमच्या तुकड्यांची छाननी.

काळा-पांढरा हा तपशील टीव्हीच्या बाबतीत पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. दूरदर्शनवर रंग आले १९८२मध्ये, एशियाडच्या वर्षी. पण घराघरांतले संच पुढे कितीतरी वर्षं काळे-पांढरेच होते. त्यावर ‘ललकार’ आणि ‘आक्रमण’ हे रंगीत युद्धपटही काळे-पांढरेच दिसायचे. हाच चित्रपट बर्डीवर जानकी किंवा आनंद टॉकीजला, नाहीतर सदरला लिबर्टीत पाहिला असता, तर रंगाच्या आठवणीला वजन आलं असतं. उलटी गफलतही होते. ‘हम दोनों’ १९६१चा काळा-पांढरा, पण २०११मध्ये तो रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. आज तो रंगीत पाहून ‘हा तो नव्हे’ म्हणून बाजूला टाकणारे असतात.

खालची अक्षरं हा मात्र भक्कम धागा. हिंदी चित्रपटाला हिंदी भागात सबटायटल नसायची, आणि इंग्रजी चित्रपट टॉकीजमध्ये त्यांच्याशिवायच चालायचे. अक्षरं आहेत म्हणजे भाषा तिसरीच. दोन शक्यता राहतात: परदेशी चित्रपट, किंवा दूरदर्शनवर रविवारी दुपारी लागणारे प्रादेशिक चित्रपट, जे इंग्रजी सबटायटलसह यायचे. पण सबटायटल असलेल्या चित्रपटात रफी कसा गाईल? तुमची आठवण दुभंगते ती नेमकी इथे. ज्या जागी दोन तुकडे एकमेकांशी भांडतात तिथे कुठला खोटा हे ठरवत बसू नका, आधी दोन चित्रपट धरून पाहा. बहुतेक वेळा दोन्ही तुकडे खरे निघतात.

दुसरं भांडण रणगाडा आणि बर्फ यांचं. हिंदी युद्धपट, बर्फ आणि रफी म्हटलं की १९६२चं चीन युद्ध. त्या लढाईत लडाखमध्ये आपले रणगाडे होते. हवाई दलाने एएन-१२ विमानांतून काही एएमएक्स-१३ हलके रणगाडे चुशूलला उतरवले होते. चिनी पायदळ आलं ते मुख्यतः डोंगरांतून. तेव्हा एकट्या भारतीय जवानाच्या मागे शत्रूचा रणगाडा मोकळ्या माळावर लागतो, हे दृश्य ६२च्या चित्रपटात सहसा बसत नाही. ६५ किंवा ७१च्या चित्रपटात बसेल, पण तिथे बर्फ नको. उसाचं शेत, रणगाडे आणि जीपवर बसवलेली लांब नळीची तोफ असं आठवत असेल तर तो १९६५चा खेमकरण-असल उत्तर भाग, पॅटन रणगाड्यांचा. वाळवंट, रात्र आणि सकाळी येणारी हंटर विमानं म्हणजे १९७१चं लोंगेवाला.

शस्त्रं आणि टोप्या यांच्याकडे लोक दुर्लक्ष करतात, खरं तर चेहऱ्यांपेक्षा ती जास्त बोलतात. कानांवर उतरलेलं, डब्यासारखं हेल्मेट जर्मन. पसरट थाळीसारखं ब्रिटिश, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय पलटणींचंही. गोल वाडगा उपडा ठेवल्यासारखं अमेरिकन. भारतीय जवानाच्या हातात प्रत्येक गोळीमागे बोल्ट मागे-पुढे करायची .३०३ रायफल असेल तर काळ बहुधा ६२ किंवा आधीचा, सरळ मॅगझिनची एसएलआर (पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल) असेल तर नंतरचा. विमानात पंखाचा आकार पाहावा: पानासारखा लंबगोल पंख स्पिटफायरचा, मधून खाली मुडपून पुन्हा वर गेलेला पंख जर्मन स्टुकाचा. आखूड, खेळण्यासारखं जेट म्हणजे आपलं नॅट. आठवतं तसं वेडंवाकडं चित्र काढा आणि कामठीच्या गार्ड्स सेंटरमधून किंवा वायुसेनानगरातून निवृत्त झालेल्या ओळखीच्या कुणाला दाखवा. नागपुरात असा माणूस दोन घरांपलीकडे सापडतो. सिनेमाचं नाव त्यांना सांगता येईलच असं नाही, पण ‘हे ६५च्या आधीचं नाही’ एवढं कळलं तरी निम्मा ढीग बाजूला होतो.

इथे एक फसवी जागा आहे. सिनेमातले रणगाडे आणि विमानं पुष्कळदा सोंगं घेतलेली असतात. ‘बॅटल ऑफ द बल्ज’ स्पेनमध्ये चित्रित झाला, त्यातले जर्मन टायगर म्हणजे करडा रंग दिलेले अमेरिकी पॅटन. ‘केलीज हीरोज’ युगोस्लाव्हियात झाला, तिथले टायगर रशियन टी-३४ला पत्रे ठोकून बनवलेले. ‘टोरा! टोरा! टोरा!’मधली बरीच जपानी विमानं अमेरिकी प्रशिक्षण विमानांवरून केलेली. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधली जर्मन लढाऊ विमानं स्पॅनिश बनावटीची, आत ब्रिटिश मर्लिन इंजिन. म्हणून गणवेश एका देशाचा आणि यंत्र दुसऱ्याच देशाचं, असं दिसलं तर आठवणीला दोष देऊ नका. उलट तो चांगला सुगावा आहे: कुठल्या देशाचं लष्कर चित्रीकरणाला मदत करत होतं, ते त्यावरून कळतं.

आता काळ. पाहिल्याचं वर्ष आणि चित्रपटाचं वर्ष यांत पंचवीस वर्षांचं अंतर सहज असतं. जुने चित्रपट मॅटिनीला आणि टीव्हीवर फिरत राहायचे, देशभक्तीचे तर १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आसपास हमखास. तरीही पाहिल्याची तारीख पक्की करण्याचा उपयोग आहे, कारण त्यावरून वर्तमानपत्र उघडता येतं. वर्ष विचारून कुणाला आठवत नाही, खुणा विचाराव्या. ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली होती का? म्हणजे जुलै १९८४ नंतर. इंदिराजी गेल्या त्याआधी की नंतर? रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारं रामायण यायचं होतं ना? म्हणजे जानेवारी १९८७च्या आधी. आणि नागपूरकरांसाठी खास: कूलरचा आवाज होता का, खसच्या ताट्यांचा ओला वास होता का? असेल तर एप्रिल ते जून, शाळेच्या सुट्ट्या. स्वेटर घालून शेजारी गेलो होतो असं आठवत असेल तर डिसेंबर-जानेवारी. एवढ्यावर अडीच वर्षांचा पट्टा तीन महिन्यांवर येतो.

तीन महिने म्हणजे तेरा रविवार, तेरा अंक. ‘तरुण भारत’, ‘लोकमत’, ‘हितवाद’ यांच्या त्या काळच्या बांधीव फायली शहरातल्या जुन्या वाचनालयांत विचाराव्या. आधी जाऊन कुठल्या वर्षांच्या फायली आहेत ते पाहायचं, मग वही घेऊन बसायचं. टीव्हीचे कार्यक्रम रोज एकाच ठरावीक जागी, चौकटीत छापलेले असतात. ती जागा एकदा सापडली की एका अंकाला दोन मिनिटं पुरतात. टॉकीजमध्ये पाहिलेल्या चित्रपटासाठी शुक्रवारचा अंक धरा, नवे खेळ शुक्रवारी लागायचे. बारीक टायपातल्या सकाळच्या आणि मॅटिनीच्या ओळी सोडू नका, जुने आणि इंग्रजी चित्रपट बहुधा तिथेच सापडतात. कागद पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो. पान कोपऱ्याला धरून ओढलं की तुकडा हातात येतो, तेव्हा खालून तळहात सरकवून उलटावं. फोटो काढायची परवानगी आधी विचारावी.

छापील नावावर मात्र डोळे झाकून जाऊ नये. मराठी वर्तमानपत्रात इंग्रजी आणि रशियन नावं वाटेल तशी लिहिलेली असतात, आणि काही ठिकाणी नुसतं ‘रशियन चित्रपट’ एवढंच.

नेटवरचा शोध यानंतर, आधी नाही. चित्रपटांच्या मोठ्या डेटाबेसमध्ये, आयएमडीबीवर, प्रगत शोधात प्रकार ‘वॉर’, वर्षांचा पट्टा, देश आणि रंग असे चाळण्यांचे पर्याय आहेत. तुमच्यासाठी पट्टा १९५०-७० ठेवा, देश सोव्हिएत युनियन, रंग काळा-पांढरा. कीवर्ड इंग्रजीत द्यायचे, नाम द्यायचे, दोन-तीनच द्यायचे: सोल्जर, लीव्ह, मदर, सोप. संपूर्ण वाक्य टाकलं तर यंत्र सगळ्यांत प्रसिद्ध चित्रपट पुढे करतं. ‘वॉर, ट्रेन, एस्केप’ म्हटलं की सिनात्राचा ‘व्हॉन रायन्स एक्सप्रेस’ नाहीतर मोटारसायकलवाला ‘द ग्रेट एस्केप’ हटकून येणार. बंदुका, गाड्या-रणगाडे आणि विमानं यांचे वेगवेगळे डेटाबेस आहेत, तिथे यंत्राच्या नावावरून चित्रपट निघतात. चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, पण तो अस्तित्वात नसलेल्या चित्रपटाचं नाव, वर्ष आणि नटांसकट छातीठोकपणे सांगतो. त्याच्याकडून नावं घ्या, निर्णय घेऊ नका.

हिंदी चित्रपटाचं एखादं गाणं आठवत असेल तर काम फारच सोपं. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांचे ‘हिंदी फिल्म गीत कोश’चे दशकवार खंड आहेत, त्यांत मुखड्यावरून चित्रपटाकडे जाता येतं. ‘हकीकत’ यूट्यूबवरही पाच मिनिटांत सापडेल. मदन मोहनचं संगीत, कैफी आझमींचे शब्द, आणि शेवटी मेलेल्या जवानांवर रफीचं ‘कर चले हम फिदा’. बलराज साहनी मेजरच्या भूमिकेत आणि धर्मेंद्र कॅप्टन, म्हणजे तुमचा धर्मेंद्र खराच आहे, फक्त दुसऱ्या चित्रपटातला. लडाखी मुलीच्या भूमिकेत प्रिया राजवंश, तेव्हा ‘एक मुलगी’ही दोन्हीकडे आहे. मिसळायला आणखी काय लागतं.

लांबी हाही एक पडताळा. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर किंवा जुन्या पुस्तिकेत लांबी फुटांत असते, तिला ९०ने भागलं की मिनिटं. ८,००० फूट म्हणजे दीड तास, १६,००० फूट म्हणजे तीन तास. मीटरमध्ये असेल तर २७.४ने भागा. ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ दीड तासाच्या आत संपतो, ‘हकीकत’ तीन तासांच्या घरात जाते. तुमच्या यादीतली दृश्यं मोजली तर रणगाडा ते आई हा धागा सलग आणि आटोपशीर आहे, बर्फाचा तुकडा सुटा लटकतोय. तोही याच बाजूने बोलतो.

आता पडताळणी. यात घाई केली की सगळं वाया जातं, कारण पोस्टर पाहिलं की आठवण लगेच त्याप्रमाणे वाकते. चित्रपट लावण्याआधी अजून कुणाला न सांगितलेले तीन बारीकसारीक तपशील लिहून तारीख घाला. मग बघा. मॉसफिल्म या रशियन चित्रपटसंस्थेने आपले कितीतरी जुने चित्रपट सबटायटलसह यूट्यूबवर ठेवले आहेत, तिथे शोधा.

जे दिसायला हवं ते असं. सुरुवातीलाच गावाबाहेरच्या रस्त्यावर आई उभी, आणि निवेदक सांगतो की तिचा मुलगा परतला नाही. तुम्हाला आई ‘शेवटी’ आठवते. ती शेवटीही आहे, दोन्हीकडे आहे. मग अल्योशा, सैन्याच्या संदेशवहन (सिग्नल) विभागातला एकोणीस वर्षांचा जवान. रणगाडा मागे लागतो आणि कॅमेरा वरून फिरत उलटा होतो. त्याच्या हाती रणगाडाभेदी लांब बंदूक लागते, तो दोन रणगाडे फोडतो. जनरल पदक देऊ करतो, हा रजा मागतो: आईला भेटायचंय, घराचं गळकं छप्पर दुरुस्त करायचंय. सहा दिवस मिळतात. वाटेत एक सैनिक बायकोसाठी साबणाच्या दोन वड्या देतो, त्यांच्याकडे तेवढ्याच असतात. तिच्या घराच्या जिन्यात एक पोरगा साबणाचे फुगे उडवत असतो. बायको दुसऱ्यासोबत राहतेय हे कळल्यावर अल्योशा साबण परत घेतो आणि त्या सैनिकाच्या म्हाताऱ्या बापाला नेऊन देतो. मालगाडीत गवताच्या गंज्यांत शूरा भेटते, पहारेकऱ्याला मांसाचे डबे देऊन गप्प केलं जातं. घरी पोचेपर्यंत रजा संपलेली असते, आईशी भेट होते ती रस्त्यावर, काही मिनिटांची.

लिहून ठेवलेल्या तीनपैकी दोन जुळले तर प्रश्न मिटला. एकच जुळला तर थांबा. याच घराण्यातल्या, म्हणजे दुसऱ्या सोव्हिएत युद्धपटांशी गल्लत झालेली असू शकते. मरणाऱ्या जवानाच्या डोळ्यांपुढे बर्चची झाडं गरगर फिरत असतील तर तो ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’, १९५७. लहान मुलगा, विहीर आणि पावसात सफरचंदांनी भरलेला ट्रक असेल तर ‘इवान्स चाइल्डहुड’, १९६२. दलदल आणि विमानविरोधी तोफेवरच्या पाच मुली म्हणजे ‘द डॉन्स हिअर आर क्वायट’, १९७२. तो काही भाग रंगीत, काही काळा-पांढरा आहे, त्यामुळे रंगाबद्दल घरात भांडण होत असेल तर आधी तोच पाहावा.

आणि बर्फाचा तुकडा ‘हकीकत’मध्ये जुळला नाही तर तो चित्रपटच नसेल, ही शक्यता धरा. टॉकीजमध्ये मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनची वार्तापत्रं सक्तीने दाखवली जात, त्यांत ६२, ६५ आणि ७१च्या आघाडीवरची खरी दृश्यं असत. टीव्हीवर चेतन आनंद यांचीच ‘परमवीर चक्र’ ही मालिका १९८०च्या दशकाच्या शेवटी आली. तिचा प्रत्येक भाग एका वीराची स्वतंत्र गोष्ट, छोट्या चित्रपटासारखाच. हवालदार जीपवरून रणगाडे टिपतोय किंवा बर्फात एकटी तुकडी शेवटपर्यंत लढतेय असं आठवत असेल, तर चित्रपटांच्या याद्या बाजूला ठेवून तिचे भाग चाळा. दिग्दर्शक तोच असल्याने पोत सारखा वाटतो, आणि म्हणून ‘हकीकत’ समजून तिचा भाग शोधणारेही भेटतात.